हिवाळ्यात क्राकुफ बघायला कोण येतं?

क्राकुफ, १७ नोव्हेंबर १९८६

प्रिय गेन्या,

तू पाठवलेल्या वाळवलेल्या आळंब्या मिळाल्या. फळीवर ठेवल्या आहेत, खाल्लेल्या नाहीत. एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या फुटलेल्या अणुभट्टीचा तो ढग आला तेव्हा सरकार म्हणालं, घाबरण्यासारखं काही नाही, आणि लगेच शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून आयोडीन पाजलं. तेव्हापासून आळंब्यांवर आणि सरकारवर माझा सारखाच विश्वास आहे. तू मात्र खात असशील. नर्स असूनही तुला कशाचाच संशय येत नाही, हे मला लहानपणापासून कोडं आहे.

आता महत्त्वाचं. आईची पुढची खोली मी भाड्याने दिली आहे. स्टेशनवरच्या खोल्यांच्या कार्यालयातून एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. म्हणाला, क्राकुफ बघायचं आहे, नाताळाआधीपर्यंत राहीन. मी विचारलं, हिवाळ्यात क्राकुफ बघायला कोण येतं? धुकं असं की समोरचा ट्रामवाला दिसत नाही, कोळशाच्या धुराने गळा धरतो, राजवाड्याची टेकडी दुपारीसुद्धा नुसती अंदाजाने ओळखायची. तो म्हणाला, "गर्दी नसते." एवढंच. वर काही नाही.

नाव सांगतो सेवेरिन माझुर. साठीचा असेल. हात मोठे, बूट पॉलिश केलेले. काम काय करत होतात, विचारलं तर म्हणतो, "गाड्या बघत होतो." कुणाच्या गाड्या, कशासाठी बघत होता, ते सांगत नाही. सकाळी माझ्या आधी उठतो, पलंगपोस ताणून ठेवतो आणि स्वतःचा कप स्वतः धुतो. गेन्या, मी इतके भाडेकरू पाहिले, पण स्वतःचा कप धुणारा एकही पाहिला नाही. काहीतरी पाणी मुरतंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मागच्या खोलीला दोन कुलपं आहेत. येणारा प्रत्येक भाडेकरू पहिल्याच दिवशी विचारतो की त्या दाराआड काय आहे. हा विचारत नाही. समोरून जाताना मान दुसरीकडे वळवतो. जो विचारत नाही, त्याला आधीच माहीत असतं.

तुला सांगायला नको, आत माझी शोप्का आहे. बाळ येशू गोठ्यात जन्मला हे साऱ्या जगाला ठाऊक, पण आम्ही क्राकुफचे गवंडी त्याला पुठ्ठ्याच्या मनोऱ्यांत आणि चकाकी कागदाच्या घुमटाखाली जन्माला घालतो, आणि डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी चौकात नेऊन स्पर्धेला मांडतो. गेल्या वर्षी झेनोन प्ताकच्या शोप्केवर हिरवा घुमट होता. तो घुमट माझ्या डोक्यातला होता. डोक्यातून तो कसा गेला याचा शोध मी वर्षभर घेतो आहे. या खेपेला जाऊ देणार नाही.

चकाकी कागद असेल तर पाठव. इथे चॉकलेटच मिळत नाही तर त्याचा कागद कुठून मिळणार.

तुझा
ल्युद्विक


स्तारी सोंच, २० नोव्हेंबर

प्रिय ल्युदेक,

तुझं पत्र मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की डॉक्टरीणबाई रक्तदाब मोजायला आल्या. कप धुतो म्हणून माणूस गुन्हेगार? मग माझा स्ताशेक, देव त्याला शांती देवो, कधी कप धुवायचा नाही म्हणून तू त्याला आळशी म्हणायचास. तुझ्या दरबारात पुरुषाने कपाचं करावं तरी काय?

हिवाळ्यात एखाद्या माणसाला शहर बघावंसं वाटलं तर बिचाऱ्याला बघू दे. कदाचित तो एकटा असेल. कदाचित त्याला कुणी या शहराबद्दल पुष्कळ सांगितलं असेल. संध्याकाळी त्याला चहाला बोलाव. तूही एकटाच असतोस, भिंतीशी बोलून बोलून भिंतीसारखा झाला आहेस.

रोग्यांनी दिलेले चकाकी कागद सोबत आहेत. जांभळे दोनच मिळाले. आळंब्या माझ्या हातच्या आहेत, मी स्वतः खाते आणि अजून अंधारात चमकत नाही.

तुझी
गेन्या


स्तारी सोंच, २० नोव्हेंबर
(सेवेरिन माझुर यांस, मुख्य टपाल कार्यालय, क्राकुफ. स्वतः येऊन घेतील.)

सेवेरिन,

भावाचं पत्र आलं. त्याने तुझ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. ज्याच्यावर तो संशय घेत नाही त्याच्याकडे तो बघतच नाही.

रागावला असशील तर पुन्हा सांगते, हे असं का करावं लागलं. स्ताशेकने मला मागणी घातली तेव्हा ल्युदेक त्याच्या गावी जाऊन तिथल्या पाद्रीबुवांना भेटला. पाद्रीबुवांनी स्ताशेकची तोंडभरून स्तुती केली. ल्युदेक परत येऊन म्हणाला, पाद्री लाच खातो. वर्षभर त्याने आशीर्वाद दिला नाही. शेवटी आईने दिला. आता आई नाही, वडील नाहीत. चर्चला निघण्याआधी नवरानवरीने घरच्या मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे असतात, आणि माझ्या घरी मोठा म्हणून तो एकटाच उरला आहे. 'हा माझा होणारा नवरा' असं म्हणून तुला त्याच्यापुढे उभं केलं असतं तर त्याने तुझ्यात फक्त खोटी नाणी शोधली असती. म्हणून म्हटलं, आधी त्याला तू नुसता माणूस म्हणून दिसू देत. नाताळला मी येईन आणि सांगेन.

त्याच्या आशीर्वादाशिवाय मी वेदीपुढे उभी राहणार नाही, सेवेरिन. तो तिरसट आहे, पण युद्धाच्या हिवाळ्यात स्वतःची भाकरी मला देऊन मी जेवलो म्हणणारा तोच आहे.

मागच्या खोलीकडे बघू नकोस. स्तुती करू नकोस, स्तुतीने तो बिथरतो. बुद्धिबळात त्याला तीनातून एकदा हरव.

गेन्या


क्राकुफ, २४ नोव्हेंबर

गेन्या,

पत्र मिळालं. रोज टपाल कार्यालयात चक्कर मारतो, खिडकीवरची बाई आता मला नावाने ओळखते.

तू सांगितलेल्या जागा बघतो आहे. नदीकाठचं मठाचं फाटक बघितलं, जिथे तू नन्सच्या कुत्र्याला घाबरून रडली होतीस. कुत्रा नाही, फाटक आहे. तुझ्या शाळेसमोर उभा राहिलो. तुम्ही राहायचात त्या घराच्या खिडकीत आता कोणाचे तरी मोजे वाळत आहेत. दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि, तू सांगितलेल्या त्या गळ्यात बाण लागलेल्या तुतारीवाल्यासाठी, मध्येच तुटते, तेव्हा तू म्हणायचीस तसा मीही श्वास धरून उभा राहतो. शहर सुंदर आहे असं लोक म्हणतात. मला ते तुझ्या बालपणाएवढंच दिसतं, आणि तेवढं पुरे.

एक गोष्ट सांगतो. तुझा भाऊ माझ्या मागे मागे फिरतो. राखाडी टोपी घालून, खांबाआड उभा राहतो. आयुष्यभर सिग्नलच्या केबिनमध्ये बसून मी मागून काय येतं तेवढंच बघितलं आहे, तेव्हा मला ते दिसणारच. काल मठापाशी निसरडं होतं, तो घसरून पडला. मला काचेत दिसला. मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर त्याला गुडघ्यापेक्षा जास्त दुसरीकडे लागलं असतं. तो उठेपर्यंत एका दुकानात काहीही नको असताना रांगेत उभा राहिलो. रात्री पाहिलं तर लंगडत होता. मी विचारलं, लागलं का. म्हणाला, हवा बदलते आहे.

चहाला बोलावतो. साखर माझ्यासमोर मोजून घालतो. बुद्धिबळात तो खरंच चांगला आहे, मला मुद्दाम हरावं लागत नाही. वडील गवंडी होते, हिवाळ्यात काम नसायचं म्हणून शोप्का करायचे, हे त्याने स्वतःहून सांगितलं. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घाईने पटावरचा घोडा हलवला. मला तो आवडला आहे. म्हणूनच हे जड जातं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. तू परवानगी दे, मी सांगून टाकतो.

त्याच्यासाठी चकाकी कागद जमवतो आहे, तू शिकवलंस तसे नखाने सपाट करून. नाताळला देईन.

सेवेरिन


क्राकुफ, २७ नोव्हेंबर

प्रिय गेन्या,

तू हसतेस, हस. आता ऐक.

मी त्या माणसावर नजर ठेवली आहे. शहर बघायला आलेला माणूस राजवाड्यात जातो, मिठाच्या खाणीला जातो, संग्रहालयात जातो. हा यांतलं काहीच बघत नाही. तो चर्चच्या मनोऱ्याखाली उभा राहतो आणि तुतारी वाजताना वर बघत बसतो. लोक ऐकतात, हा बघतो. शोप्केवर दोन उंचींचे ते दोन मनोरे येतात हे शेंबड्या पोराला कळतं. मग नदीकाठी आपल्या जुन्या घरासमोर जाऊन उभा राहतो, जिथे वडिलांनी पहिली शोप्का केली. मग रोज टपाल कार्यालयात. घरी कसलंही पत्र येत नाही, पण टपाल कार्यालयात रोज. अहवाल कोणाला जातो?

तरीही मी म्हणालो, ल्युद्विक, न्यायाने वाग. काल तो अंघोळीला गेला असताना त्याच्या खोलीत शेगडीत कोळसे घालायला गेलो. टेबलावर पुस्तकाखाली चकाकी कागद होते. लाल, हिरवे, तीन जांभळे. आणि सगळे नखाने सपाट केलेले, गेन्या, मधून कडेकडे, एक सुरकुती नाही. चॉकलेट खाणारा माणूस कागद चुरगळून फेकतो. असा सपाट करणारा माणूस शोप्का करणाऱ्यांच्या घरातलाच, दुसरा कोणी असूच शकत नाही. ही सवय आपल्या लोकांखेरीज जगात कोणाला नाही.

मग मी परीक्षा घेतली. जिन्यात तो पुढे होता, मी मागून एकदम हाक मारली, "प्ताकसाहेब!" निरपराध माणूस दचकून तरी बघतो. याची पापणीसुद्धा हलली नाही. अशी तयारी एका दिवसात होत नाही. झेनोनने शोधून शोधून माणूस आणला आहे.

मिलिशियाच्या पोलीस ठाण्यात मी जाणार नाही. आपल्या घरातलं कोणी कधी कोणाविरुद्ध तिथे गेलेलं नाही आणि मी ती सुरुवात करणार नाही. पण गुरुवारच्या आधी त्याला बाहेर काढणार आहे. शेजारचा व्होइतेक दरवर्षी शोप्का उचलायला येतो, त्यालाही येऊ नको म्हणून सांगितलं. तो परवा झेनोनच्या मेहुण्याबरोबर बिअर पीत होता.

ल्युद्विक

ता.क. वाईट एका गोष्टीचं वाटतं. बुद्धिबळाला चांगला होता.


स्तारी सोंच, ३० नोव्हेंबर

ल्युदेक, प्रिय ल्युदेक,

त्याला काढू नकोस. मी तुझ्याकडे फारसं काही मागत नाही, एवढं ऐक. बाहेर बर्फ आहे, माणूस सभ्य आहे, पैसे आगाऊ दिले आहेत. नाताळपर्यंत थांब, मग मी येते आणि आपण दोघं बसून बोलू. कागद सपाट केले म्हणून कोणी हेर होत नाही. दवाखान्यात मी करते ते बघून आमची डॉक्टरीणबाईसुद्धा आता तसे करते.

आणि त्या जिन्यातल्या परीक्षेचं म्हणशील तर त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. इंजिनांच्या शिट्ट्यांनी गेलेला कान, त्याला मागून हाक मारून काय उपयोग? समोर येऊन विचारलं असतंस तर सरळ उत्तर मिळालं असतं.

काल संत आंद्रेइची संध्याकाळ होती. दवाखान्यातल्या पोरींनी किल्लीच्या भोकातून मेण ओतून नवरे शोधले. मलाही ओतायला लावलं. कोणाला जहाज दिसलं, कोणाला टोपी. मी म्हटलं, मला नुसतं मेण दिसतं. पण मी आनंदात होते, ल्युदेक, आणि पुष्कळ वर्षांनी होते. तो आनंद घालवू नकोस.

तुझी
गेन्या


क्राकुफ, ३ डिसेंबर

गेनोवेफा,

माझुरला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तुझं पत्र आलं आणि माझी तुला गेलेली पत्रं मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली. मी एवढंच लिहिलं होतं की त्याची पापणी हलली नाही. इंजिनांबद्दलही लिहिलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मग सगळं जुळत गेलं. हिवाळ्यात शहर बघायला येणारा माणूस मागच्या दाराकडे बघत का नाही, हे कळलं. दाराआड काय आहे हे सांगणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याच घरातलं. चकाकी कागद नखाने सपाट करायला त्याला कोणी शिकवलं तेही कळलं. आईने आपल्या दोघांना एकाच टेबलाशी शिकवलं होतं. गेल्या वर्षी हिरव्या घुमटाबद्दल मी फक्त तुला बोललो होतो. आणि तुझ्या तरुणपणी झेनोन प्ताक आपल्या खिडकीखाली अकॉर्डियन वाजवायचा, तेही मी विसरलेलो नाही. आता 'आनंदात आहे' म्हणतेस. कोणाबरोबर?

बाहेरच्या माणसासाठी मी दोन कुलपं लावली. तुझ्यासाठी एकही लावलं नव्हतं.

माझुरला आज सकाळी बाहेर काढलं. वाद घातला नाही त्याने. जाताना म्हणाला, "तुमचा गुडघा शेकत जा." उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले, तुमच्याकडचं काही मला नको.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी येऊ नकोस. मी एकटा जेवीन.

ल्युद्विक


क्राकुफ, ४ डिसेंबर

गेन्या,

मी रेल्वे कामगारांच्या वसतिगृहात आहे, बरा आहे. काय झालं ते तुला आधी माझ्याकडून कळावं.

काल त्याने मला काढलं. तेव्हाच खरं सांगणार होतो. पण तुझा शब्द होता, तो मोडवेना.

आज सकाळी चौकात गेलो. नुसता उभा राहणार होतो. लोक आपापल्या शोप्का घेऊन येत होते, घरची माणसं, शेजारी, एकेकीला चार चार हात लागलेले. तुझा भाऊ एकटाच आला. माणसाएवढी उंच ती शोप्का, चादरीत गुंडाळलेली, मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर दोरीने बांधलेली, पुढून हा ओढतो आहे. ट्रामच्या रुळांपाशी गाडी कलली. मी धावलो आणि खालून हात दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला दूर ढकलायचं तर त्याला दोरी सोडावी लागली असती, म्हणून ढकललं नाही. चौकातल्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर शोप्का मांडतात, तिथपर्यंत आम्ही दोघांनी ती उचलून नेली. तो अजून लंगडतो आहे ते मला शोप्केतून हाताला कळत होतं.

चादर काढली. गेन्या, मला यातलं काही कळत नाही, पण मी टोपी काढली.

तेवढ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला एक ठेंगणा म्हातारा आला. हा झेनोन प्ताक. माझ्याकडे बघून तुझ्या भावाला म्हणाला, "ल्युद्विक, हा बैल कुठून आणलास? असा एखादा मलाही दे, माझी कंबर गेली." पुढे मला हात देऊन स्वतःचं नाव सांगितलं आणि माझं विचारलं. तुझा भाऊ एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता, एकदा माझ्या. प्ताक गेल्यावर तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"तो तुम्हाला ओळखत नाही."

"नाही."

"मग तुम्ही कोणाचे?"

"गेनोवेफाचा," मी म्हटलं. "जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर आम्ही लग्न करणार आहोत. तुमचा आशीर्वाद असला तर. तुम्ही मला आधी नुसता माणूस म्हणून बघावं, म्हणून तिने पाठवलं. तिला तुमची धास्ती वाटते."

त्याने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे हेर होताच तुम्ही," तो म्हणाला.

"होतो," मी म्हटलं.

मग मनोऱ्यावर तुतारी वाजली आणि तुटली. तो वर बघत नव्हता. चादर काखेत मारून म्हणाला, "घरी जा." कोणाच्या घरी, ते बोलला नाही. मी विचारलं नाही. शोप्कांची संग्रहालयाकडे जाणारी मिरवणूक संपेपर्यंत लांब उभा राहिलो, शोप्का संग्रहालयाच्या दारातून आत नीट गेली ते पाहिलं आणि इथे आलो.

उद्याच्या गाडीने परत येतो. जे झालं ते बरं झालं असं म्हणवत नाही. पण आता लपवायचं काही उरलं नाही, आणि मला झोप लागेल.

सेवेरिन


स्तारी सोंच, १४ डिसेंबर

ल्युदेक,

दहा दिवस वाट पाहिली. तुझी शिवीसुद्धा आली नाही.

सेवेरिनने सगळं सांगितलं. मी तुझ्या घरात माणूस पाठवला, खोटं बोलले, तुला हसले. तू म्हणालास ते झेनोनबद्दल खोटं आहे, पण बाकी खरं आहे. तुझ्या पाठीमागे तुझ्यावर नजर ठेवायला मी लावली. तुला फसवून तुझं मन वळवावं असं मला वाटलं, कारण सरळ मागून ते वळेल असं मला कधी वाटलंच नाही. हे मी स्वतःशी कबूल केलं तेव्हा फार रडले.

सेवेरिनला म्हणाले होते की तुझ्या आशीर्वादाशिवाय लग्न करणार नाही. आता तसं म्हणत नाही. मी चोपन्न वर्षांची आहे, तो चांगला माणूस आहे, लग्न मी करीन. फक्त त्या सकाळी गुडघे टेकायला माझ्यापुढे कोणी नसेल, आणि ते मला आयुष्यभर लागेल.

नाताळला येऊ नकोस म्हणालास, येणार नाही. पाकिटात ओपवातेक घातला आहे, आई नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलाशी सगळ्यांबरोबर मोडायची तसाच. आमच्या चर्चमधला, पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिलेला. दूर असलेल्या माणसांना ही कागदासारखी पातळ पोळी टपालाने पाठवतात, तशी पाठवते. एक कोपरा मी मोडून खाल्ला आणि तुझं भलं मागितलं. तू टेबलाशी एकटा बसशील तेव्हा एक तुकडा मोड. मोडलास की नाही ते मला कळणार नाही. तरी मोड.

गेन्या


क्राकुफ, १८ डिसेंबर

गेन्या,

तुझा ओपवातेक याच पाकिटात परत पाठवतो आहे. मी मोडलेला नाही.

स्पर्धेचा निकाल तुला वर्तमानपत्रात दिसला असेल. पहिला झेनोन. मला तिसरा क्रमांक. परीक्षकांतल्या एकाचं बायकोकडून झेनोनशी नातं आहे, त्याची चौकशी चालू आहे. व्होइतेककडे जाऊन मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, कशाबद्दल? त्याला कळलंच नव्हतं की मी त्याच्यावर संशय घेतला, तो समजत होता की माझी प्रकृती बरी नाही. त्यामुळे माफी मागितल्यावर आता त्याला राग आला आहे.

माझुर जाताना ते सपाट केलेले कागद पलंगावर ठेवून गेला. आठवडाभर मी त्यांना हात लावला नाही. मग हात लावला. काम स्वच्छ आहे, पण कडेला नख जास्त दाबतो, शिकवणाऱ्याने तेवढं सांगितलं नाही.

आता ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला आणि एकदाही पुरावा सापडला नाही. या खेपेला सापडला. घरात हेर होता, माझ्यावर नजर होती, पत्रं जात होती, सगळं मी म्हणालो तसंच. मला आनंद व्हायला हवा होता. चौकातून घरी आलो आणि आईच्या खोलीत त्याच्या ताणलेल्या पलंगपोसावर बसून राहिलो. मला चोरांची भीती वाटत होती, गेन्या. माझ्या बहिणीला माझी भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. दोन कुलपं लावून मी काय राखत होतो, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

झेनोनबद्दल जे लिहिलं ते मी परत घेतो. हिरव्या घुमटाबद्दल अजून विचार करतो आहे.

माझुरबद्दल माझा संशय पूर्ण गेलेला नाही. मठापाशी मी पडलो तेव्हा तो दुकानात शिरला. ते दुकान बायकांच्या मोज्यांचं होतं. तेव्हा मला वाटलं, हा कोणाला तरी भेटायला गेला. काल अंथरुणात पडल्या पडल्या एकदम लक्षात आलं की तो तिथे का उभा राहिला. असा माणूस मला आवडत नाही, त्याच्यापुढे नेहमी आपणच लहान वाटतो. पण तुझ्या शेजारी तो असावा असं मला वाटतं. आशीर्वादाचा क्रूस मी आईच्या कपाटातून काढून घासला, काळा पडला होता. जानेवारीत गुडघे माझ्यापुढेच टेकायचे. बुद्धिबळाचा हिशेबही बाकी आहे, तो माझ्यापेक्षा एक डाव जास्त जिंकलेला आहे.

ओपवातेक परत का पाठवला, ते आता सांगतो. टपालाने तो दूरच्यांना पाठवतात. तू मला दूरच्यांत धरलंस, आणि धरण्यासारखं मी वागलो. तरी मी तो एकटा बसून मोडणार नाही. चोवीस तारखेला पहिला तारा दिसून जेवायला बसायच्या आत सेवेरिनला घेऊन ये, आणि हा बरोबर आण. तिघं एका टेबलाशी बसून मोडू.

ल्युदेक